कोलंबोच्या पोत्यांची शिवण

लातूरच्या एमआयडीसीत एक डाळ मिल आहे. मिलच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथून भरलेली पोती बाहेर पडतात, तिथे छतातून एक स्प्रिंग लोंबते. त्या स्प्रिंगला राखाडी रंगाचे, हातात धरायचे एक यंत्र टांगलेले असते. त्याचा रंग जागोजागी उडाला आहे आणि मुठीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. मित्रांनो, तो मी. पोत्याचे तोंड शिवणे एवढे एकच काम मला येते. पण ते एक काम करता करता मी एका दूरच्या देशाला पडताना आणि पुन्हा उभे राहताना पाहिले. म्हणजे पाहिले असे नाही, ऐकले. माझी जागा मालकाच्या टेबलाजवळ आहे आणि टेबलावर फोन असतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखी शंभरएक यंत्रे एका रांगेत तयार होत होती. पोटात एक सुई, एक आकडा, डोक्यावर दोऱ्याचे रीळ आणि बाजूला तेलाची छोटी कुपी. कुपीचे बटण दाबले की दोन थेंब तेल आत उतरते. सतरा वर्षांपूर्वी मला खोक्यात घालून लातूरला आणले. खोके उघडले तेव्हा मिलच्या बायका भोवती जमल्या होत्या. तोवर त्या दाभण आणि सुतळी घेऊन हाताने पोती शिवत. त्यांच्या तळव्यांवर दाभणाच्या जुन्या खुणा होत्या.

मिलचे मुनीम रेवणसिद्ध म्हणाले, "हे गड्याचं काम हाय. बायांच्या हातात द्यायचं न्हाई."

पहिल्या आठवड्यात दोन हमालांनी मला चालवले आणि पाच सुया मोडल्या. ते पोते ओढत आणि मला ढकलत. तेव्हा निवडायला बसणाऱ्या बायकांमधली एक उठली. तिचे नाव नागम्मा. देवणीच्या पलीकडे कर्नाटकाच्या शिवेला तिचे गाव. घरात कन्नड बोलायची, बाहेर मराठी.

"मुनीम, माज्याकडं द्या की. म्या बघते," ती म्हणाली.

तिने मला ओढले नाही, ढकललेही नाही. पोत्याच्या तोंडाची दुमड धरली, बटण दाबले आणि माझ्या चालीने मला जाऊ दिले. शिवण सरळ आली. त्या दिवसापासून माझ्या मुठीवर तिचाच हात आहे. रोज काम संपले की ती आतली पीठधूळ ब्रशने झाडायची आणि कुपी दोनदा दाबायची. "यप्पा, दिसभर राबलाव," असे मला म्हणायची. यंत्राशी कोणी असे बोलत नाही. ती बोलायची.

मिलचे मालक बसलिंगप्पा. उंच माणूस, कपाळावर भस्म, पांढरा सदरा. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी ही मिल काढली. इथे हरभऱ्याची डाळ होते. हरभरा भिजवतात, वाळवतात, रोल्यावर घासून त्याचे टरफल काढतात, चाळतात, मग बायका खडे आणि फुटके दाणे निवडतात. शेवटी पोती भरली की माझे काम.

अप्पांची मुलगी अक्षरा नांदेडला शिकली आणि घरच्या धंद्यात आली. तिनेच बाहेरदेशी डाळ पाठवायची खटपट केली. कोलंबोचे एक व्यापारी मिळाले, शन्मुगराजा नावाचे. श्रीलंकेत हरभऱ्याच्या डाळीचे वडे गाड्यागाड्यांवर विकतात, घरोघर करतात. त्यांना एकसारखी, स्वच्छ डाळ हवी होती.

त्या मालासाठी नवी पोती छापून आली. त्यांवर दोन लिप्यांमधली अक्षरे होती. नागम्माने ती बोटाने गिरवून पाहिली.

"ताई, ही अक्षरं न्हाईत, जिलब्या हाईत," ती अक्षराला म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

पहिले दोन कंटेनर गेल्यावर शन्मुगराजा स्वतः लातूरला आले. ठेंगणे, सावळे, हातात छत्री. उन्हाळ्यात लातूरला छत्री घेऊन कोणी येत नाही, म्हणून हमालही त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्यापाशी थांबले. शिवलेल्या पोत्याच्या तोंडात बोट घालून त्यांनी शिवण ओढून पाहिली. मग अक्षराला इंग्रजीत काही विचारले. तिने मराठीत सांगितले, "ते विचारतायत, ही शिवण कुणाची? बंदरात पोती उतरवताना बाकीच्या मिलची दहा-वीस तरी फुटतात. आपलं एक पण फुटलं नाही."

नागम्माने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बोट दाखवले. शन्मुगराजा मान हलवून म्हणाले की यंत्र तर सगळीकडेच असते, असा हात नसतो. त्या संध्याकाळी घरी जाताना नागम्माने मला दोनदा पुसले. माझ्या आयुष्यातला तो पहिला सन्मान, आणि मी तो तिच्यासोबत वाटून घेतला.

पुढची सहा-सात वर्षे भराभर गेली. कोलंबोच्या मालामुळे मिलमध्ये दुसरी पाळी सुरू झाली. निवडणाऱ्या बायका सहाच्या अकरा झाल्या. गावात विकायच्या मालासाठी पलीकडे पट्ट्यावरचे मोठे यंत्र आले आणि मी फक्त कोलंबोची पोती शिवू लागलो. मला वाटे, हे असेच चालणार.

मग दोन हजार बावीस साल उजाडले. उन्हाळा नुकताच सुरू झाला होता. चारशे ऐंशी पोती भरून, शिवून, थप्पीला लावून तयार होती. कंटेनर यायचा होता. सकाळी फोन वाजला. अक्षराने तो घेतला, बराच वेळ ऐकले आणि फोन ठेवून अप्पांकडे वळली.

"अप्पा, शन्मुगराजा म्हणतायत, माल पाठवू नका. त्यांच्या बँकेकडे डॉलर नाहीत."

"आनि गेल्या खेपेचे पैसे?"

"ते पण अडकले. पैसे त्यांनी बँकेत भरलेत, पावतीचा फोटो पाठवलाय. पण ते त्यांच्या देशाचे रुपये आहेत. बँक त्याचे डॉलर करून देऊ शकत नाही. बँकेकडेच नाहीत."

 अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दुपारी बायका भाकरी खायला बसल्या तेव्हा कुजबुज सुरू झाली होती. अक्षरा त्यांच्यात येऊन बसली. तिने सांगितले, "त्यांचा देश बेटावर आहे. पेट्रोल, औषधं, डाळ, बरंच बाहेरून आणावं लागतं, आणि त्याला डॉलर लागतात. डॉलर यायचे ते फिरायला येणाऱ्या लोकांकडून, चहा विकून आणि परदेशात कामाला गेलेल्या माणसांकडून. कोरोनात फिरायला येणारे थांबले. बाहेरचं कर्ज आधीच लई होतं. सरकारनं कर कमी केले होते, खतं आणणं एकदम बंद केलं होतं, त्यात पिकं बसली. साठवलेले डॉलर संपले. आता दहा-दहा तास लाइट नसते तिथं."

नागम्माने घास हातातच धरला होता. "म्हंजी घरात ज्वारी हाय, पन दुकानातून मीठ-तेल आनाया काईच न्हाई. आनि दुकानदार उधार देऊन नाई राहिला."

"हाव, तसंच," अक्षरा म्हणाली.

"मंग मानसं काय करून राहिलीत तिथली?"

"रांगेत उभी आहेत."

थोड्या दिवसांत त्यांच्या सरकारने सांगितले की बाहेरचे कर्ज आम्ही सध्या फेडू शकत नाही. त्यांचा रुपया इतका घसरला की एका डॉलरला जवळजवळ दुप्पट रुपये द्यावे लागू लागले. शन्मुगराजांनी बँकेत भरलेली रक्कम होती तेवढीच राहिली, पण तिच्यातून आता निम्मेच देणे फिटणार होते. उरलेले त्यांना पुन्हा कमवावे लागणार होते. चूक त्यांची काहीच नव्हती.

इकडे चारशे ऐंशी पोती थप्पीला पडून होती. जिलब्यांची अक्षरे छापलेली पोती लातूरच्या मार्केट यार्डात कोण घेणार? डाळ उन्हाळ्यात फार दिवस ठेवली तर किडे लागतात. अप्पा म्हणाले, "फोडा. साध्या पोत्यात भरून इथंच विकून टाका."

माझ्या शिवणीचा एक स्वभाव आहे. ती सहजासहजी फुटत नाही, पण दोऱ्याचे नेमके टोक सापडले आणि ओढले की एका झटक्यात सगळी उसवते. ते टोक नागम्माइतके कोणाला ठाऊक नव्हते. तिने एकेक पोते समोर घेतले आणि आपल्याच हाताने उसवले. दोन दिवस ती ते करत होती. सर्रकन आवाज यायचा आणि दोरा तिच्या मांडीवर पडायचा.  डाळ पडत्या भावाने गेली.

दुसरी पाळी बंद झाली. मला स्प्रिंगवरून काढून, एका गोणपाटात गुंडाळून, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी फळीवर ठेवले. तेल घालायचेही कोणाला सुचले नाही, आणि त्यात मी कोणाला दोष देत नाही. ज्या घरात उद्याची काळजी असते, तिथे यंत्राची आठवण कोण ठेवणार? पाऊस सुरू झाला तशी सुई गंजली. आकड्यात पिठाचा थर घट्ट बसला.

फळीवरून मला सगळे ऐकू येत असे. एके दिवशी मुनीम रेवणसिद्ध अप्पांसमोर बसले होते. ते वाईट माणूस नव्हते. मिलच्या काळजीनेच बोलत होते.

"अप्पा, वकिलाकडनं नोटीस पाठवू. यार्डातले समदे हेच म्हनून राहिलेत. आज त्याचं दुकान हाय. उद्या असंल का न्हाई, कुनाला ठावं?"

अप्पा पाणी प्यायले. मग म्हणाले, "रेवणसिद्ध, तू तवा न्हवतास. एक्याण्णव साली आपल्या देशाची बी हीच गत झाली होती. देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं. बाहेरून माल आनायला बंधनं आली. आपल्या रोल्यावर बसवायची खरखरीत पूड तवा बाहेरदेशातून यायची. आमच्या वडलांनी, अण्णांनी, मुंबईच्या व्यापाऱ्याला पैसे दिलेले, पन त्याला डॉलर मिळेनात. रोला झिजून गुळगुळीत झाला. अण्णा रोज हात फिरवून बघायचे. तिकडच्या कंपनीनं काय केलं असंल? नोटीस न्हाई पाठवली. आधी थोडी पूड धाडली, पैसे मागनं घेतले. मुंबईचा व्यापारी हे अण्णांना सांगताना रडला होता. त्या थोड्या पुडीवर आपली मिल चालू राहिली."

"ती कंपनी मोठी होती, अप्पा. आपुन लहान हाव. आपल्यावर बी बँकेचं हाय. थांबता थांबता आपुनच बसलो तर?"

अप्पांनी मान डोलावली. खरे होते ते. थांबायचे तर आधी स्वतः उभे राहावे लागते.

शेवटी ते म्हणाले, "एक वर्ष थांबू. आनि तोवर मिल दुसऱ्या कशावर तरी उभी करू. कशावर ते मला बी ठाऊक न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकांना बोलावले. अकरापैकी पाच जणींना काढायची पाळी आली होती. त्याऐवजी सगळ्यांनी आठवड्यातून तीन-तीन दिवस यावे, असे त्यांनी सांगितले.

नागम्मा उभी राहिली. "अप्पा, तीन दिसात घर चालंल का?"

"न्हाई चालायचं," अप्पा म्हणाले. "मला कळतंय. पन पाच जणींची चूल पुरी बंद करायची हिंमत न्हाई माझ्यात."

त्यांनी खोटा धीर दिला नाही. पाच जणींची चूल विझवलीही नाही. त्यासाठी त्या माणसाचे मी आजही आभार मानतो. तरी त्या पावसाळ्यात दोघी जणी हैदराबादला बांधकामावर निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

नागम्माचे चार दिवस रिकामे झाले होते. ती आपल्या बहिणीकडे, नांदेडजवळ विष्णुपुरीला जाऊन आली. बहिणीचे नाव लक्ष्मम्मा. तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी ती मेस चालवते. परत आल्यावर नागम्मा थेट अप्पांच्या टेबलापाशी गेली.

"अप्पा, लक्ष्मम्मा सुट्टी डाळ आनती दुकानातून. कवा खडे, कवा फुटकी, कवा किडकी. निवडता निवडता तिचा जीव जातो. मला म्हनली, तुमच्या मिलची धा किलोची बंद पिशवी आसंल तर दर आटवड्याला तीन घेते. तिच्या गल्लीतच सात मेसा हाईत."

रेवणसिद्ध हसले. "दहा किलो? टेम्पोचं भाडं तरी निघंल का?"

"नांदेडचं ऱ्हाऊ द्या मुनीम. लातूरात काय कमी हाईत? गल्लोगल्ली पोरं शिकाया आलीत. ती काय उपाशी बसत्यात?"

अक्षराने मान वर केली. लातूरला क्लाससाठी येणारी हजारो मुले, त्यांची होस्टेले, त्यांच्या मेस. मिलच्या दारातून रोज त्यांच्या बस जात होत्या, आणि इतकी वर्षे कोणाचे लक्ष गेले नव्हते. नजर कोलंबोला लागली होती ना.

"करून बघू," अप्पा म्हणाले.

पट्ट्यावरचे मोठे यंत्र पन्नास किलोच्या पोत्याच्या उंचीला बसवलेले होते. दहा किलोची पिशवी त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. नागम्मा म्हणाली, "माजं कुटं हाय?"

तिने मला फळीवरून काढले. गोणपाट सोडले. माझी अवस्था पाहून ती एवढेच म्हणाली, "अव्वा!" मग तिने अंगणात पाट टाकला, रॉकेल घेतले आणि मला उघडले. एकेक भाग धुतला. आकड्यातला घट्ट थर खिळ्याच्या टोकाने काढला. गंजलेली सुई टाकून नवी बसवली. कुपी दाबली, पुन्हा दाबली. बटण दाबल्यावर मी नुसता गुणगुणलो. दुसऱ्यांदाही तसेच. रेवणसिद्ध म्हणाले, "गेलं ते. भंगारात द्या." नागम्माने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तिने माझे चाक हाताने थोडे फिरवले, दम धरला, पुन्हा थोडे फिरवले. पाचव्या वेळी मी चाललो.

मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन मला करता येणार नाही. एवढेच सांगतो, की पहिल्या लहान पिशवीची शिवण शिवताना मी आयुष्यात एवढा काळजीपूर्वक कधी चाललो नव्हतो.

अक्षराने लातूरच्या मेस एकेक करून पालथ्या घातल्या. विष्णुपुरीच्या पिशव्या एसटीने जाऊ लागल्या. पहिल्या महिन्यात काम थोडेच होते, पण गिऱ्हाईक तुटले नाही.

त्याच सुमारास शन्मुगराजांचा फोन आला. अक्षराने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला आणि मधूनमधून मराठीत सांगत गेली. ते म्हणाले, पेट्रोलसाठी मी दोन दोन दिवस रांगेत होतो, आता सायकलवर दुकानात जातो. दुकानातली तीन माणसे काढली नाहीत, त्यांना निम्मा पगार देतोय. आता सरकारने प्रत्येक गाडीला आठवड्याचे पेट्रोल ठरवून दिले आहे. मोबाइलवर चौकोनी खूण दाखवायची आणि आपला वाटा घ्यायचा. मिळते अगदी थोडे. पण मिळणार हे नक्की, म्हणून रांग ओसरली.

अप्पा पुढे झुकले. "काय म्हनले? थोडं, पन नक्की?"

"हाव अप्पा."

"मंग त्यांना सांग, आमाला बी तसंच द्या. जमंल तेवढं थोडं धाडा. पन ठरल्या तारखेला."

 मग शन्मुगराजा हळू आवाजात काही बोलले. अक्षराने ते मराठीत सांगितले नाही. तिचे डोळे भरले होते.

नागम्माला मात्र एक विचारायचे होते. "ताई, त्यांला इचारा. ज्याच्याकडं सायकल बी न्हाई, दुकान बी न्हाई, त्यांचं काय झालं?"

अक्षराने विचारले. उत्तर आले, "एक वेळ जेवतायत. वडे लहान झालेत आणि तेही कमी लोक घेतात. वस्त्यांमध्ये बायका एकत्र चुली लावतात. देश सावरतोय असं पेपरात येतं, तेव्हा आधी सावरतात ते आमच्यासारखे. गरीब लोक मागून."

नागम्माने माझी मूठ पुन्हा हातात घेतली.

पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये आला. इतका लहान, की रेवणसिद्धांनी दोनदा पाहिला. नोव्हेंबरचा ठरल्या दिवशी आला. डिसेंबरचाही आला. जानेवारीची तारीख मात्र गेली. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. रेवणसिद्धांनी वकिलाचा नंबर एका कागदावर लिहून टेबलावर ठेवला. अप्पा रोज त्या कागदाकडे बघत आणि त्यावर पेपरवेट ठेवत. नवव्या दिवशी पैसे आले, सोबत चार ओळींचा निरोप. बँकेच्या वाट्याचे डॉलर त्या आठवड्यात औषधांना गेले होते, आधी कळवता आले नाही, माफ करा.

अप्पांनी तो कागद घडी घालून रेवणसिद्धांच्या हातात दिला. रेवणसिद्धांनी तो फाडला. "औषधाला गेले तर गेले," ते म्हणाले.

तो देश कसा सावरला, हे मी तुकड्यातुकड्यांनी ऐकले. शेजाऱ्यांनी, आपल्या देशानेही, इंधन, औषधे आणि धान्य उधारीवर दिले. अडलेल्या देशांना उभे करणाऱ्या जगातल्या मोठ्या संस्थेने कर्ज दिले, पण अटी घालून. कर वाढले, विजेची बिले कितीतरी पटींनी वाढली. परदेशात कामाला असलेल्या लोकांनी पुन्हा बँकेतून पैसे पाठवायला सुरुवात केली. फिरायला येणारी विमाने परत उतरू लागली. ज्यांचे देणे होते त्यांनी मुदत वाढवून दिली. मला वाटायचे, मोठ्या देशाला वाचवायला मोठी काहीतरी जादू लागत असेल. तसे काही झाले नाही. कित्येकांनी वाट पाहिली, कित्येकांनी पोटाला चिमटा घेतला, आणि थोडे थोडे करून चाक फिरले.

इकडे लातूरात लहान पिशव्यांचे काम वाढत गेले. औशाची दोन होस्टेले जोडली गेली, मुरुडचा एक दुकानदार आला. बायकांचे तीन दिवसांचे पाच झाले, पाचाचे सहा. दोन हजार तेवीसच्या दिवाळीआधी शन्मुगराजांचा शेवटचा हप्ता आला. पुढच्या संक्रांतीनंतर त्यांनी अर्धा कंटेनर मागवला. जिलब्यांच्या अक्षरांची पोती पुन्हा उघडली गेली. दुसरी पाळी मात्र अजून सुरू झालेली नाही. अप्पा म्हणतात, आता एकाच दारावर सगळे वजन टाकायचे नाही. त्यांनी दर महिन्याच्या कमाईतून थोडे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे, आणि बायकांनी आपसांत तशीच भिशी घातली आहे. तिचा हिशोब नागम्माकडे.

गेल्या वर्षी शन्मुगराजा पुन्हा लातूरला आले. वाळले होते, केस पांढरे झाले होते. अप्पांनी दारात जाऊन त्यांचा हात धरला आणि दोघे तसेच उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्या वेळी अक्षरालाही मध्ये बोलावेसे वाटले नाही.

मग ते बायकांकडे आले. अक्षराकडून शिकून घेतलेले मराठी त्यांनी जपून उच्चारले, "तुमी... थांबलात. उपकार झाले."

नागम्मा म्हणाली, "उपकार कशाचे, दादा? तुमी डाळ नाई घेतली तर आमी काय खायाचं? आमाला बी तुमी पायजे हुताव."

अक्षराने हे त्यांना सांगितले. ते हसले आणि खूप वेळ मान हलवत राहिले. नंतर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. त्यांना एक पोते स्वतः शिवायचे होते.

नागम्माने माझी मूठ त्यांच्या हातात दिली. तिच्या हाती आल्यापासून पहिल्यांदाच तिच्याशिवाय मी चाललो. पोत्याची दुमड कशी धरायची, ते तिने खुणेने दाखवले. त्यांच्या हाताला सवय नव्हती. मी जमेल तेवढे सांभाळून घेतले, तरी शिवण नागासारखी वळत गेली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शन्मुगराजा ओशाळले आणि म्हणाले, उसवा, पुन्हा शिवा.

नागम्माने शिवणीत दोन बोटे घालून ताण दिला. शिवण हलली नाही.

"वाकडी हाय, पन घट्ट हाय," ती म्हणाली. "जाऊ द्या तशीच."

ते पोते हमालाने पाठीवर घेतले आणि कंटेनरात इतर पोत्यांच्या मध्ये लावले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझी चाल मंद झाली आहे आणि माझे सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे. तरी मला तक्रार नाही. दाभण सोडून मला हातात घेणाऱ्या बाईचे, पेपरवेटखाली कागद दाबून ठेवणाऱ्या मालकाचे, आणि सायकलवरून दुकानात जाऊन शब्द पाळणाऱ्या त्या दूरच्या माणसाचे माझ्यावर ऋण आहे. तुमच्याही घरात, दुकानात, शेजारी कोणीतरी, काहीतरी कधी ना कधी बंद पडेल. ते लगेच भंगारात देऊ नका. आधी उघडून धुवा. दोन थेंब तेल घाला. चाक हाताने हळूच फिरवा. पहिल्यांदा नुसता गुणगुणल्याचा आवाज येईल, दुसऱ्यांदाही तेवढाच. तरी हात काढून घेऊ नका.